आरमारातल्या पूर्वजाचा माग : कोल्हापुरातून एकोणिसाव्या शतकातली तोफ कशी शोधावी

करवीर, भुदरगड, गगनबावडा, पन्हाळा या भागातल्या जुन्या घरांत वंशावळ काढायला बसलं की कधी ना कधी एखादं म्हातारं माणूस बोलून जातं, "आपला मूळ पुरुष आरमारात तोफेवर होता." कुठल्या आरमारात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : शिवाजी महाराजांच्या, नाहीतर आंग्र्यांच्या. ही दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकातून घरात आलेली असतात. खरं उत्तर यापेक्षा अलीकडचं असतं आणि माझ्या मते जास्त रंजकही.

शोध सुरू करताना लोक अडकतात ते एकाच ठिकाणी. ते नाव शोधत बसतात. तोफेवरच्या साध्या माणसाचं नाव कागदावर येण्याचे प्रसंग मोजके : पगार वाटला तेव्हा, तो जखमी झाला किंवा मेला तेव्हा, आणि जमीन किंवा पदक मिळालं तेव्हा. एरवी तो 'इतके असामी' या आकड्यात बुडालेला असतो. तोफेचं वजन, तारवाचं नाव, किती दारू उडाली, किती गोळे उरले, याचा हिशेब मात्र कारकून इमानेइतबारे लिहायचे, कारण तो पैशाचा मामला होता. म्हणून आधी तारू आणि तोफ शोधा. माणूस त्यांच्या आडून सापडतो.

आधी पिढ्यांचा हिशेब

वही घ्या आणि सर्वांत वयस्कर माणसापासून वर जा. पिढीला २५ ते ३० वर्षं धरा. आज साठीत असलेल्या माणसाचे आजोबा साधारण १९०५ च्या आसपास जन्मलेले, पणजोबा १८७५-८० चे, खापरपणजोबा १८५० चे. त्याच्या वरची पिढी १८२० ची आणि तिच्या वरची १७९० ची.

आता या आकड्यांपुढे एक तारीख मांडा : १ ऑक्टोबर १८१२. त्या दिवशीच्या तहाने करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींनी मालवणचं बंदर सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग, राजकोट आणि सर्जेकोट यांच्यासह इंग्रजांना दिलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकात करवीरचं स्वतःचं आरमार फार तर बारा वर्षं होतं. खापरपणजोबा 'कोल्हापूरच्या आरमारात' होते ही गोष्ट मग काळातच बसत नाही. त्यांचे आजोबा असू शकतात. खापरपणजोबा तोफेवर होतेच, असं घरचे ठामपणे सांगत असतील, तर शोध मालवणला नाही, मुंबईला न्यावा लागेल.

आरमारं नेमकी किती होती

घरातल्या 'आरमार' या एका शब्दामागे निदान पाच वेगवेगळी खाती असू शकतात. पहिलं करवीरचं, मालवणला. त्याची कागदं कोल्हापुरात. मालवणकरांचा इंग्रजांना किती जाच होता हे १७६५ साली कळतं. इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला, त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं आणि पुढच्याच वर्षी करवीरच्या राणी जिजाबाईंशी तह करून तो परत दिला. दुसरं पेशव्यांचं, विजयदुर्गला धुळपांच्या हाताखाली, १८१८ पर्यंत. तिसरं आंग्र्यांचं, कुलाब्याला, ते संस्थान १८४० साली खालसा झालं. चौथं सावंतवाडीकरांचं.

पाचवं खातं बहुतेक वंशावळींत हरवलेलं असतं : कंपनी सरकारचं. त्याचं नाव आधी बॉम्बे मरीन, १८३० पासून इंडियन नेव्ही, आणि १८६३ साली ते मोडून टाकलं गेलं. मराठी आरमारं संपल्यावर कोकणपट्टीतल्या माणसांना समुद्रावरची चाकरी उरली ती मुख्यतः इथेच. शिवाय २१वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री म्हणजे मरीन बटालियन होती. तिचे शिपाई जहाजांवर पहाऱ्याला आणि लढाईला असत. घाटावरच्या घरातला पूर्वज समुद्रावर गेला असेल तर ही पलटण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथेच दोन चकवे आहेत. लष्करात 'खलाशी' म्हणजे तंबू उभारणारा माणूसही असे. त्याने आयुष्यात समुद्र पाहिला नसेल असंही होतं. आणि मुंबईच्या लष्करात एतद्देशीय गोलंदाजांच्या पलटणी होत्या. त्या जहाजात बसून परमुलखात जात, पण जहाजावरच्या तोफा काही चालवत नसत. 'बोटीने लढाईला गेले' आणि 'बोटीवरच्या तोफेवर होते' या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा. उलटही घडलंय. १८४८-४९ च्या मुलतानच्या वेढ्यात इंडियन नेव्हीची माणसं किनाऱ्यापासून शेकडो मैल आत जाऊन जड तोफा डागत होती.

आडनावाचं थोडक्यात : गोलंदाज, सारंग, तांडेल ही आडनावं इशारा देतात, पुरावा देत नाहीत. आणि गडकरी घराण्यातला गोलंदाज बहुधा सामानगड-पन्हाळ्याच्या बुरुजावरचा असतो, तारवावरचा नव्हे.

घरातला ऐवज

कागदांकडे वळण्याआधी देवघर आणि माळा तपासा. पदक असेल तर ते हातात घ्या, पण घासू नका. चिंच, राख, पावडर काही लावू नका. त्यावर राणीचं तोंड आहे हे सगळे बघतात. वाचायची असते ती कड. ब्रिटिश पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि पलटण किंवा जहाज ठोकलेलं असतं. अक्षरं जेमतेम दोन मिलिमीटरची. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला घासून ती गुळगुळीत झालेली असतात. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा दिवा कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक हळूहळू फिरवत फोटो काढा. डोळ्याला न दिसणारं अक्षर सावलीमुळे फोटोत उमटतं.

फितीवरची आडवी पट्टी लढाई सांगते. १८५४ साली सुरू झालेल्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर 'पेगू' असेल तर १८५२-५३ ची ब्रह्मदेशातली दुसरी लढाई. 'पर्शिया' असेल तर १८५६-५७ ची इराणची मोहीम. या मोहिमेत इंडियन नेव्हीची जहाजं खऱ्या अर्थाने तोफांनी लढली : १० डिसेंबर १८५६ ला बुशहरवर मारा झाला आणि २६ मार्च १८५७ ला मोहम्मराच्या मोर्च्यांवर. आसये, सेमिरामिस, फिरोज, अजदहा, व्हिक्टोरिया, फॉकलंड ही त्या मोहिमेतल्या जहाजांची नावं. १८४२ च्या चीनच्या पदकाला पट्टी नसते, तिथे कडेवरच भिस्त.

कडेवरचं नाव वाचताना आडनाव शोधू नका. मुंबई इलाख्याच्या कागदांत माणूस 'अमुक बिन तमुक' असाच येतो. म्हणजे वडिलांचं नाव ठाऊक नसेल तर आपलाच पणजोबा समोर असूनही ओळखता येणार नाही. स्पेलिंगही साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं. लक्ष्मणचं 'लक्सिमन', रावजीचं 'रोजी' होतं. नाव मोठ्याने वाचून बघा. कागदावर अनोळखी वाटणारं नाव कानाला चटकन ओळखू येतं.

आता गोळा. खंडेनवमीला तलवारीशेजारी पूजेला ठेवलेला लोखंडी गोळा बऱ्याच घरांत आहे. सर्वांत आधी त्याला भोक आहे का ते बघा. भोक किंवा लाकडी-धातूचं बूच असेल आणि आकाराच्या मानाने गोळा हलका वाटत असेल, तर तो कुलपी गोळा असू शकतो. आत दारू असू शकते आणि दीडशे वर्षांनीही ती पेट घेऊ शकते. त्याला हलवू नका, घासू नका, ड्रिल तर मुळीच लावू नका. पोलिसांना कळवा, ते बॉम्बशोधक पथक बोलावतील. यात धाडस दाखवायचं काही कारण नाही.

भरीव गोळा असेल तर दोन मापं घ्या. धाग्याने घेर मोजा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. इंग्रजी गोळे पौंडांत ओळखले जात. ६ पौंडी गोळ्याचा घेर सुमारे २८ सेंटिमीटर आणि वजन पावणेतीन किलो. ९ पौंडी म्हणजे ३२ सेंटिमीटर आणि चार किलोंच्या थोडं वर. १२ पौंडी ३५ सेंटिमीटर, साडेपाच किलोंच्या आत. १८ पौंडी ४० सेंटिमीटर, आठ किलोंच्या वर. २४ पौंडी ४४ सेंटिमीटर आणि अकरा किलो. ३२ पौंडी ४९ सेंटिमीटर, साडेचौदा किलो. गंजाने वजन थोडं घटतं, तेवढी सूट धरा. घेर जुळतो पण वजन फार कमी आहे, असं असेल तर गोळा पोकळ आहे. वरची सूचना पुन्हा वाचा.

आपल्याकडे एक सोय आहे जी मुंबई-पुणेकरांना सहज मिळत नाही. उद्यमनगर किंवा शिरोलीतल्या एखाद्या मुरलेल्या मोल्डरला गोळा दाखवा. ओतीव लोखंड कसं वाचायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेघ कुठे आहे, रस कुठून ओतला, ती जागा छिन्नीने तोडली की ग्राइंडरने, हे तो बोट फिरवून सांगतो. ग्राइंडरची खूण असेल तर तो गोळा बहुधा बॉल मिलचा, म्हणजे कारखान्यातल्या दळणयंत्राचा, आहे आणि बरोबर सव्वासात किलो भरला तर पुरुषांच्या गोळाफेकीचा. पूजा चालू ठेवायला हरकत नाही, वंशावळीत मात्र लिहू नका.

हेळवी आणि वह्या

कागद नसलेल्या घरांसाठी कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हेळवी आहेत. सुगीनंतर दारात येऊन घराण्याची पिढीवार नावं सांगणारे. त्यांच्याकडे नावांचा क्रम आणि मूळ गाव पुष्कळदा चांगलं मिळतं, पराक्रमाचं वर्णन मात्र यजमानाला खूश करणारं असतं. नावं घ्या, वर्णन बाजूला ठेवा. पंढरपूर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा उपयोग वेगळा : तिथे पूर्वज स्वतः येऊन गेल्याची नोंद असते, तीही वडील-आजोबांच्या नावांसकट. 'बिन' च्या पुढचं नाव मिळवायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

कोल्हापुरातले दफ्तर

करवीर संस्थानाची जुनी कागदपत्रं राज्य शासनाच्या कोल्हापूर पुराभिलेखागारात आहेत, आणि १८१२ पर्यंतचा जवळजवळ सगळा मजकूर मोडीत. कुणबी नोंदींच्या धांदलीने मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. सरसकट पानामागे पैसे मोजण्यापेक्षा स्वतः थोडी मोडी शिकलेली बरी. पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. अख्खं पत्र वाचता आलं नाही तरी चालेल. आरमार, तोफ, गोलंदाज, मालवण, सिंधुदुर्ग, तैनात आणि तुमच्या पूर्वजांची दोन-तीन नावं, इतके शब्द मोडीत नजरेत बसवा. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून कागद चाळताना त्यांवर डोळा अडकला की तेवढेच कागद जाणकाराकडे द्या. खर्च निम्म्याहून कमी होतो.

काय मागायचं? 'आमच्या घराण्याचे कागद दाखवा' असं म्हणालात तर कर्मचारी हात जोडतील. हिशेबाचे प्रकार मागा. तैनातजाबते म्हणजे नेमणुकीचे आणि पगाराचे तक्ते, हजिऱ्या म्हणजे हजेरीपट, दारूगोळ्याचे जमाखर्च, आणि बालपरवेशीची पत्रं. शेवटचा प्रकार विशेष जपून बघा. चाकरीत मेलेल्या माणसाच्या लहान मुलांना पोटगी दिली जाई, तिला बालपरवेशी म्हणत. त्या एका कागदात बापाचं नाव, मुलाचं नाव, मृत्यूचं कारण आणि पुष्कळदा जागाही येते. वंशावळ करणाऱ्याला याहून मोठा ऐवज नाही. सिंधुदुर्गच्या तटावरचा गोलंदाज किल्ल्याच्या शिबंदीत, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेत, शोधा आणि तारवावरचा आरमाराच्या खर्चात. दोन्ही गठ्ठे वेगळे मागवा.

तारीख लावताना बहुतेकांची फे फे उडते, म्हणून एक उदाहरण. कागदाच्या माथ्यावर 'सुहूर सन इसन्ने अशर मयातैन व अलफ' असं असतं. हे अरबी आकडे आहेत आणि ते एककापासून सुरू होतात : दोन, दहा, दोनशे, हजार. म्हणजे १२१२. सुहूर सनात, म्हणजे मराठी दफ्तरातल्या जुन्या कालगणनेत, ५९९ मिळवा, आले १८११. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. 'इसन्ने' च्या जागी 'सलास' आलं की १२१३, आणि मालवण सोडल्याचा तह याच सनातला. शक दिला असेल तर ७८ मिळवा आणि संवत्सराचं नाव ताडून बघा. १८१२ च्या ऑक्टोबरात शके १७३४, अंगिरानाम संवत्सर. सुहूर आणि शक एकमेकांशी जुळत नसतील तर वाचनात चूक आहे असं समजून पुन्हा अक्षरं लावा.

वाचायला मोडी नको असेल अशा दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासूनचं हे ग्रंथालय आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा २४वा खंड १८८६ चा, आणि रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा. मालवणसाठी दुसराच जास्त उपयोगी. इंग्रज अधिकाऱ्यांनी मालवणकरांना सर्रास चाचे म्हटलंय, ते वाचून तापू नका. तारखा आणि जागा टिपा.

जमीन

चाकरीबद्दल जमीन मिळाली होती का, हे तहसील आणि भूमी अभिलेखात कळतं. सनद घरात नसेल तरी जुन्या फेरफारात, हक्काच्या नोंदीत इनाम कशाबद्दल होतं ते सापडतं. एक अडचण ध्यानात असू द्या : १८१२ नंतर मालवणचा भाग इंग्रजी मुलखात गेला, पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्यामुळे एकाच घराण्याची अर्धी कागदं कोल्हापुरात आणि अर्धी घाटाखाली असं होतं. गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने ज्या वर्षी घराणं वर आलं ते वर्ष साधारण कळलं, तर कुठल्या कचेरीत जायचं हा प्रश्न सुटतो.

मुंबई आणि लंडन

कंपनी सरकारच्या चाकरीसाठी मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. तिथे मरीन डिपार्टमेंटचे खंड सालवार मागवता येतात. साल ठाऊक नसताना जाणं म्हणजे रेल्वेचं भाडं वाया घालवणं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. जहाजाचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाकून बघा. कुठलं जहाज कोणत्या लढाईत होतं हे पक्कं करायला चार्ल्स रॅथबोन लो याचा इंडियन नेव्हीचा १८७७ चा दोन खंडांतला इतिहास उपयोगी. साहेबी तोऱ्यात लिहिलेला आहे, अधिकाऱ्यांच्या नावांनी भरलेला, पण जहाजं आणि तारखा त्यातून मिळतात. लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत पदकांच्या याद्या आहेत. चौकशीच्या पत्रात जहाज, मोहीम आणि साल आधी लिहा, माणसाचं नाव त्यानंतर, शक्य तितक्या स्पेलिंगांसह.

खापरपणजोबा १८५० चे आणि तरीही 'आरमारी तोफेवर', असं असेल तर आणखी एक शक्यता. इंडियन नेव्ही तेव्हा उरली नव्हती, पण मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या दशकात 'मगदाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' ही चिलखती मनोऱ्यांची जहाजं आली. मगदालावर चार तोफा, प्रत्येकी १० इंच व्यासाची नळी आणि १८ टन वजन. घरात 'फिरत्या घुमटातली तोफ' अशी काही आठवण असेल तर ती इथली.

तोफ वाचायची कशी

ही पायरी मला सगळ्यांत आवडते आणि लोक नेमकी हीच गाळतात. पूर्वजाचं काम काय होतं हे तोफ पाहिल्याशिवाय कळत नाही.

जहाजावरची तोफ चार छोट्या लाकडी चाकांच्या बुटक्या गाड्यावर असे. बार उडाला की गाडा धाडकन मागे येई. त्याला अडवायला जाड दोर तोफेच्या मागून घेऊन जहाजाच्या भिंतीला बांधलेला असे. मागे आलेल्या तोफेची नळी ओल्या बोळ्याने पुसायची, नाहीतर आत उरलेल्या ठिणगीने पुढची दारू हातातच पेटायची. मग दारूची थैली, गोळा, बोळा, गजाने ठासणं, कानातून, म्हणजे बत्तीच्या भोकातून, थैलीला टोचा, रंजक म्हणजे पेटवणीची दारू भरणं, दोर ओढून गाडा पुन्हा पुढे नेणं, आणि बत्ती. हे सगळं डुलत्या तख्तपोशीवर, धुरात. गुराब या मोठ्या मराठी लढाऊ तारवावर आणखी एक अडचण : तिच्या दोन मोठ्या तोफा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून असत, बहुधा ९ ते १२ पौंडी, आणि नेम धरायचा म्हणजे अख्खं तारू वळवायचं. गोलंदाज आणि सुकाण्यावरचा तांडेल यांचं जमलं नाही तर बार पाण्यात. गलबतं लहान, वल्ह्यांवर चालणारी. त्यांवर फिरत्या खुंटीवरच्या छोट्या तोफा.

आता सिंधुदुर्ग, विजयदुर्ग किंवा घाटावरच्या एखाद्या गडावर पडलेली तोफ घ्या. टेप, वही आणि विजेरी सोबत हवी. तोंडाशी नळीचा आतला व्यास मोजा. ९३ मिलिमीटर म्हणजे ६ पौंडी, १०७ म्हणजे ९, ११७ म्हणजे १२, १३४ म्हणजे १८, १४८ म्हणजे २४ आणि १६३ म्हणजे ३२ पौंडी. गंजाने तोंड खाल्लेलं असतं, हात आत घालून जरा खोलवर मोजा, पण आधी विजेरी मारा. तोफेच्या नळीत साप असणं काही नवल नाही.

मागच्या बोंडाच्या वर कडी ओतलेली असेल तर ती दोर ओवण्यासाठी. ही ब्लोमफिल्डच्या नमुन्याची इंग्रजी तोफ, अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची, आणि जहाजावर राहिलेली असण्याची शक्यता मोठी. तोफ आखूड, तोंड मोठं, आणि गाड्यावर टेकायच्या बाजूच्या खुंट्यांऐवजी पोटाखाली एक भोकाचा उंचवटा असेल तर ती कॅरोनेड. ३२ पौंडी लांब तोफ पावणेतीन-तीन टनांची, तर त्याच गोळ्याची कॅरोनेड एका टनाच्या आतली. म्हणून लहान जहाजांना ती परवडे. मार मात्र जवळचाच.

बाजूच्या खुंट्यांच्या तोंडावर कारखान्याचं नाव, क्रमांक आणि साल शोधा. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याच्या तोफांवर ते असतं. पाठीवर मुकुट आणि 'जी आर' म्हणजे जॉर्ज राजांचा काळ, 'व्ही आर' म्हणजे १८३७ नंतरचा व्हिक्टोरियाचा. हृदयाच्या आकारात अक्षरं म्हणजे कंपनीची मालमत्ता, तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची. कानाजवळ '२४-२-१४' असे तीन आकडे दिसले तर ते वजन आहे : हंड्रेडवेट, पाव हंड्रेडवेट आणि पौंड. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, पाव म्हणजे २८. २४ गुणिले ११२ म्हणजे २६८८, अधिक ५६, अधिक १४. एकूण २७५८ पौंड, सुमारे १२५१ किलो. हा आकडा सोन्यासारखा जपा, कारण दारूखान्याच्या यादीत तोफ अशाच वजनाने लिहिलेली असते.

तोफ इंग्रजी आहे म्हणून गड इंग्रजांच्या ताब्यात असतानाच ती आली, असा निष्कर्ष काढू नका. मराठी आरमारांनी तोफा विकत घेतल्या, जिंकलेल्या जहाजांवरून उतरवल्या. डच कंपनीच्या किंवा पोर्तुगीज मोहरेच्या तोफा मराठी गडांवर आहेतच. खडूने अक्षरं रंगवू नका, तारेच्या ब्रशने तर अजिबात नको. संध्याकाळचं तिरकं ऊन किंवा बाजूने मारलेली विजेरी पुरते. सिंधुदुर्ग संरक्षित स्मारक आहे, तिथला खिळाही उचलून आणायचा नाही.

जुळवणी

समजा, घरात पदक आहे, पट्टी पर्शियाची, कडेवर नाव अर्धवट आणि मरीन बटालियनचा क्रमांक. पंढरपूरच्या वहीत १८६० च्या सुमाराला त्याच नावाचा माणूस, वडिलांच्या नावासह. घरची आठवण सांगते, 'तोफेच्या आवाजाने बहिरे झाले होते.' यातून काय सिद्ध झालं? तो माणूस १८५६-५७ ला त्या पलटणीसोबत इराणच्या मोहिमेत होता, इतकं पक्कं. पंढरपूरचा माणूस तोच, हे बरंच संभवनीय. तोफेवर होता हे अजून सिद्ध नाही. मरीन बटालियनचा शिपाई बंदूकधारी, तोफेजवळ उभा राहून बहिरा होणारे जहाजावर पुष्कळ. वंशावळीत या तीन गोष्टी तीन रंगांच्या शाईने लिहा : कागदावर पाहिलेलं, जुळवून काढलेलं, ऐकलेलं. पुढच्या पिढीतला कुणी तुमच्या वहीवर विश्वास ठेवणार आहे, त्याला कुठे शंका घ्यायची ते कळलं पाहिजे.

गोळा किंवा पदक विकत मागणारे येतील. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. विकायचं असो वा नसो, आधी मापं आणि कडेचे फोटो तुमच्याजवळ असू द्या. एकदा पदक वितळलं की नावही गेलं.

आणि जहाजाचं किंवा लढाईचं नाव हाती आलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे दुसऱ्यांदा जा. पहिल्या खेपेला तुम्ही 'आरमाराचं काही आठवतं का' असं विचारलेलं असतं आणि उत्तर पुस्तकी आलेलं असतं. आता थेट नाव सुचवू नका. एडन, रंगून, बुशहर, मुलतान, कराची अशी आठ-दहा गावं एकामागून एक म्हणा, मधे एक-दोन खोटीही घाला, आणि कुठल्या नावाला मान हलते ते बघा. ऐकू येईल तसंच, त्यांच्या उच्चारात, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहून ठेवा.